नखाएवढी फट

ट्रक नेमका सोमवारीच का रुसतो, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नव्हता. पडला असता तर उत्तर शोधावं लागलं असतं, आणि सापडलं असतं तर ते गिळावं लागलं असतं. त्यापेक्षा धाकट्या सुनेच्या माथी खापर फोडणं फार सोपं होतं. खापर फोडायला डोकं हाताशी लागतं, आणि तिचं तर रोज जेवताना समोरच असायचं.

"क्लचवर पाय ठेवूनच चालवत असणार ही," थोरले दीर घास तोंडात असतानाच निकाल द्यायचे.

"नाहीतर चोक ओढून विसरत असेल," जाऊबाई म्हणायच्या. चोक कुठे असतो असं विचारलं असतं, तर त्यांनी बहुतेक चाकाकडे बोट दाखवलं असतं.

नवरा मान खाली घालून जेवत राहायचा. आणि सासरे, ज्यांच्या शब्दावर तो ट्रक आणि ते घर दोन्ही चालत होतं, ते फक्त "हं" म्हणायचे. त्या "हं"चा ज्याने त्याने आपापला अर्थ लावावा. लावणारे सगळे एकच लावायचे.

घरचा धंदा सामान हलवण्याचा. लोक घरं बदलतात, त्यांची कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, तुळशीपासून निवडुंगापर्यंतच्या कुंड्या आणि फेकवत नाही म्हणून ठेवलेला पसारा इकडून तिकडे न्यायचा. ट्रक सासऱ्यांनी तरुणपणी घेतलेला, पेट्रोलवर चालणारा, लांब नाकाचा, दोन्ही बाजूंनी बॉनेट उघडणारा. थोरले दीर पुढच्या खोलीत बसून फोनवर कामं घ्यायचे. नवरा हमालांबरोबर माल चढवायचा. पूर्वी ट्रकही तोच चालवायचा, पण त्याची नजर अधू झाली, आणि माहेरी वडिलांचा टेम्पो चालवलेली धाकटी "तात्पुरती" म्हणून स्टिअरिंगवर बसली. तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती वरवर एकदा नको म्हणाली असती आणि दुसऱ्यांदा कुणी विचारावं म्हणून देव पाण्यात घालून बसली असती.

तिला ते काम जिवापाड आवडायचं. घरात सगळ्यांना तिच्याकडून काही ना काही हवं असे, चहा, टॉवेल, हरवलेला चष्मा. ट्रकच्या त्या उंच सीटवर मात्र तिला कुणी हाक मारत नसे. रस्ता समोर, हातात ते भलंमोठं स्टिअरिंग, आणि वळण घेताना अख्खं कुणाचं तरी घर मागून निमूटपणे वळायचं. एवढं सुख तिला पुरे होतं. तेवढंच तिच्याकडून काढून घ्यायचं चाललं होतं.

आता सोमवारचं मूळ रविवारात होतं, म्हणून रविवारचं सांगायला हवं.

रविवार सासऱ्यांचा. चहा झाला की अंगणात बॉनेट उघडायचं. थोरले दीर खुर्ची आणायचे, नवरा पान्ह्यांची पेटी. सासरे इंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे चाप सोडून टोपी बाजूला करायचे, आतला रोटर, ज्याच्याशिवाय ठिणगी पोचत नाही तो फिरता तुकडा, उपसून खिशात टाकायचे, आणि खालचे पॉइंट दिसू लागायचे, एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या दोन टिकल्या. इंजिनाला ठिणगी केव्हा मिळणार ते हे पॉइंट ठरवतात. ते मिटलेले असतात तेवढ्या वेळात ठिणगीची वीज साठवणारी कॉइल भरते, उघडले की ठिणगी पडते. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात किती फट राहावी याला माप असतं, आणि जगभर ते माप पोलादाच्या पातळ पात्याने घेतात. त्या पात्यांच्या जुडीला फिलर म्हणतात. सासरे ते नखाने घ्यायचे.

उजव्या अंगठ्याच्या नखाने. पॉइंट आधी बारीक कानशीने घासायचे, मग नख फटीत घालायचं, डोळे मिटायचे. "नख अडत अडत सरकलं पाहिजे. सुटं सरकलं तर फट जास्त, अडून बसलं तर कमी." एके काळी या नखाचा बोलबाला होता. दुसऱ्या ट्रकांचे मालक त्यांना घरून बोलावून न्यायचे. "माझं नख म्हणजे फिलरचा बाप," असं ते म्हणायचे, आणि त्यात फुशारकी असली तरी खोटं नव्हतं. घरात मग नियमच झाला, डिस्ट्रिब्युटरला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सुनेनं तर नाहीच नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ट्रक चढावर धापा टाकायचा, ठेचकाळायचा, सायलेन्सरमधून बार काढायचा आणि मरायचा.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा धाकटीने नियमबियम गुंडाळून ठेवला आणि रस्त्याच्या कडेला टोपी उघडली. नवऱ्याला ट्रकच्या नाकाशी उभं करून हाताने इंजिन फिरवायचं हँडल फिरवायला लावलं, पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत, आणि आत पाहून कपाळावर हात मारला. केवढी ती फट! पॉइंट मिटताहेत न मिटताहेत तोच उघडत होते. कॉइलला भरायला वेळच मिळत नव्हता. सपाट रस्त्यावर अर्ध्यामुर्ध्या ठिणगीवर भागतं, भरल्या ट्रकाने चढ चढताना भागत नाही. तिने स्क्रू सैल करून फट अंदाजाने कमी केली, आणि ट्रक काही झालंच नाही असा चालू लागला. मग तिने स्वतःसाठी एक फिलर विकत घेतला आणि स्क्रूड्रायव्हरसकट फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवला.

त्यानंतर हा एक खेळच होऊन बसला. घरच्या अंगणात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टोपीला हात लावता येत नसे, म्हणून सोमवारी ट्रक चढावर अडला की मगच ती फट नीट करायची. शनिवारपर्यंत ट्रक गुणी बाळासारखा वागायचा. रविवारी सासरे टोपी उघडायचे, नख आत जाईना की म्हणायचे, "हे बघा, पुन्हा मिटलेत. हल्लीच्या मालात दमच नाही," आणि फट परत वाढवायचे. थोरले दीर मान डोलवायचे. नवरा पान्हे पुसायचा. त्याला सगळं ठाऊक होतं, हँडल तोच फिरवत होता ना! पण तो मूग गिळून गप्प.

"तुम्ही का नाही सांगत?" ती विचारायची.

"अगं, बाबांना काय वाटेल?"

मला काय वाटतं, हे विचारायची अक्कल त्याला त्याच्या आईने शिकवली नसावी, असं तिच्या अगदी जिभेवर यायचं. सासूबाई वारलेल्या होत्या, म्हणून ती ते परत गिळायची.

एक कोडं मात्र तिला सुटत नव्हतं. ज्या माणसाचा हात एवढा कसलेला, तो दर रविवारी एवढा चुकतो कसा? डोळे मिटून ज्यांनी अर्धं आयुष्य बरोबर माप घेतलं, त्यांचं माप आताच का बिघडावं?

कोडं सुटलं ते नखं कापताना. सासऱ्यांची बोटं आखडल्यापासून त्यांची नखं तीच कापायची. कोमट पाण्याचं भांडं, जुना टॉवेल, आणि ती खाली पाटावर. उजव्या अंगठ्याला ते हात लावू द्यायचे नाहीत. "ते हत्यार आहे. त्याचं मी बघतो." त्या दुपारी त्यांना खुर्चीतच डुलकी लागली आणि अंगठा तिच्या तळहातावर राहिला. तिने तो पहिल्यांदाच नीट पाहिला. पिवळट, खरखरीत, एखाद्या जनावराच्या खुराला शोभेल असं जाडजूड नख! ती पावलं न वाजवता ट्रककडे गेली, फिलर घेऊन आली, आणि बरोबर मापाचं पातं नखाच्या कडेला धरलं. नखाची बरोबरी व्हायला त्यावर आणखी एक पातं ठेवावं लागलं.

वय झालं की नखं जाड होतात. बस, एवढंच होतं. सासऱ्यांचा हात चुकत नव्हता, हत्यार वाढलं होतं. तिला आधी हसू आलं, तोंडावर पदर धरावा लागला. मग ती तशीच बसून राहिली आणि हसू कुठल्या कुठे गेलं. एका नखासाठी घरभर तिची सालं काढली जात होती, आणि त्या नखाच्या मालकाची बाकीची नखं तीच कापत होती.

तिने चार दिवस शब्द जुळवले आणि जेवताना, होईल तितक्या मऊ आवाजात सांगितलं, "बाबा, वयानं नखं जाड होतात. तुमचंही झालंय, म्हणून फट जास्त पडतेय. माझ्याकडे फिलर आहे. तुम्ही त्याने माप घ्या, बाकी सगळं तुम्हीच करा."

थोरल्या दिरांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"वा!" थोरले दीर म्हणाले. "क्लच झाला, चोक झाला, आता बाबांच्या नखावर ढकल. ज्या नखानं हे घर उभं केलं त्या नखावर!"

"भाऊजी, तुम्ही एकदा येऊन बघा तरी..."

"काय बघायचं? तुला चालवता येत नाही, हे मला इथे बसून दिसतंय."

सासऱ्यांनी अंगठा मुठीत घेतला. म्हणाले, "हं." बास, निकाल लागला.

पुढच्या सोमवारी चढावर ट्रक असा काही हिसका देऊन थांबला, की एका गिऱ्हाइकाच्या काचेच्या कपाटाचा चुरा झाला. थोरल्या दिरांना जे हवं होतं ते मिळालं. त्यांनी ड्रायव्हर शोधला. पिळदार मिशा, गळ्यात रुमाल, आणि पहिल्याच भेटीत लोक त्याला उस्ताद म्हणू लागले. कशाचा उस्ताद, ते कुणी विचारलं नाही. पुढल्या सोमवारी तो ट्रक नेऊन दाखवणार, आणि जमलं की कायमचा. धाकटीने घरी थांबून गिऱ्हाइकांची भांडी कागदात गुंडाळायची.

"तुझाही त्रास वाचला," नवरा म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उशी घेऊन पुढच्या खोलीत झोपायला गेला.

त्या रविवारी सासऱ्यांनी पॉइंट जास्तच मनापासून घासले. नवा ड्रायव्हर येणार होता ना!

सोमवारी पुढे उस्ताद, थोरले दीर आणि सासरे बसले. मागे सामानात नवरा आणि, बांधाबांधीला एक हात जास्त हवा म्हणून, धाकटी. ती एका गुंडाळलेल्या गादीवर बसून इंजिनाचा आवाज ऐकत होती. सपाटीवर सगळं ठीक होतं. मग गल्ली संपून चढ लागला, आणि तिला त्या आवाजातली पहिली ठेच ऐकू आली. दुसरी. मग बार. ट्रकने दोन आचके दिले आणि तो भर रस्त्यात मेला. नवऱ्याने उडी टाकून मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला.

उस्ताद खाली उतरला, रुमालाने मान पुसू लागला. धाकटी उतरून बाजूला उभी राहिली. आता भाऊजी काय म्हणतात ते तिला ऐकायचं होतं. क्लच म्हणतात की चोक?

थोरल्या दिरांनी उस्तादाच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका हो. तुमचा काय दोष? गाडीच म्हातारी झालीय. मी तर म्हणतो, बाबा, विकूनच टाकू आता."

"गाडीत राम नाही राहिला," उस्ताद म्हणाला.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच चढ, तोच ट्रक, तोच सोमवार. ती स्टिअरिंगवर असली की तिचा पाय चुकतो, आणि हा मिशीवाला असला की गाडी म्हातारी! आणि म्हातारी म्हणून विकायची! नखाला नख म्हणायला लागू नये म्हणून ही माणसं अख्खा ट्रक भंगारात घालायला निघाली होती.

"सरका," ती म्हणाली.

तिने सीटखालून फडकं ओढलं, किल्ली काढून कमरेला खोचली, बॉनेट उचललं, टोपीचे चाप सोडले. "अगं ए, काय करतेस?" थोरले दीर ओरडले. तिने रोटर उपसून पदरात बांधला. आता तिच्याशिवाय हा ट्रक कुणाच्या बापाला हलवता येणार नव्हता.

"अहो, हँडल घ्या," तिने नवऱ्याला सांगितलं. तो थोरल्या भावाकडे पाहू लागला. "त्यांच्याकडे काय बघता? हँडल त्यांच्या हातात आहे का? फिरवा. हळू... अजून... बास."

पॉइंट पूर्ण उघडले. तिने योग्य पातं फटीत घातलं, ते आत सैल खुळखुळलं. मागे अडकलेल्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या होत्या. तिने स्क्रू ढिला केला, फट कमी करत आणली, पातं अडत अडत सरकू लागलं. आवळायची वेळ आली तेव्हा शेजारी कुणीतरी वाकलं. सासरे होते.

"मला कळत होतं," ते पुटपुटले. भोंग्यांच्या गोंगाटात ते फक्त तिलाच ऐकू गेलं. "सोमवारी फाटकातून तू ट्रक काढायचीस, तेव्हा आवाजावरूनच कळायचं. फट जास्त पडलीय म्हणून. बरेच दिवस झाले."

तिचा हात थांबला.

याची तिला कल्पनाच नव्हती. ती समजत होती, त्यांना कळत नाही. कळत नाही म्हणून तिने त्यांना सांभाळून घेतलं होतं, मऊ बोलली होती, स्वतःवरचा अन्याय निम्मा तरी त्यांच्या वयाच्या खात्यात माफ केला होता. आणि हे फाटकाशी बसून ऐकत होते. ऐकून पुन्हा जेवायला बसत होते, आणि समोर तिची सालं निघत असताना "हं" म्हणत होते.

"माहीत होतं, तर बोलला का नाहीत?"

"रविवार तेवढा उरलाय गं माझ्याकडे."

"आणि तुमच्या रविवारासाठी माझा सोमवार जाळलात?" तिचा आवाज फाटला. "माझं स्टिअरिंग काढून घेत होते ते, बाबा! तेव्हाही तुम्ही हं म्हणालात!"

तिने स्क्रूड्रायव्हर इंजिनावर ठेवून दिला आणि हात पुसले.

"मोठ्यानं सांगा. आत्ता मला सांगितलंत ना, तेच. भाऊजींना ऐकू जाईल असं. तोपर्यंत मी हा स्क्रू आवळणार नाही."

"काय चाललंय तुमचं? रस्ता अडलाय!" थोरले दीर ओरडले. मागे कुणीतरी शिव्या देत होतं. सासरे बॉनेटला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा तिच्याने पाहवेना, पण तिने पाहिला. नजर खाली घालायची पाळी आज तिची नव्हती.

"फट मी चुकवत होतो," ते अखेर म्हणाले, थोरल्याकडे पाहून, चांगल्या खणखणीत आवाजात. "माझ्या नखानं. मला कळत होतं. हिची चूक नव्हती, एकदाही."

थोरले दीर पुढे झाले आणि त्यांनी बापाचा खांदा दाबला. "जाऊ द्या हो, बाबा. एवढं काय त्यात? वयानं व्हायचंच."

झालं. मिटलं. एवढ्या महिन्यांच्या जेवणातला सगळा तो अपमान चढावरच्या दोन वाक्यांत मिटला, आणि ज्याने केला त्याला माफीही मिळाली. धाकटी वाट पाहत होती, आता तिच्याकडे कुणी वळेल. कुणीच वळलं नाही. तिने स्क्रू आवळला, आवळताना माप हललं नाही ना ते पात्याने पुन्हा पाहिलं, पदरातला रोटर सोडून जागेवर बसवला, टोपी लावली, बॉनेट पाडलं.

उस्तादाने हात पुढे केला. "झालं ना, वहिनी? द्या किल्ली. आता नेतो मी झटक्यात वर."

"हो हो, बसा उस्ताद," थोरले दीर म्हणाले.

ती उस्तादाच्या त्या पसरलेल्या हाताकडे पाहतच राहिली. राग असा की हसावं की ओरडावं कळेना. एवढं सगळं झालं, बापाने भर रस्त्यात कबूल केलं, पॉइंट तिने लावले, आणि तरी या माणसांच्या डोक्यात किल्ली त्याच्याच हातात जाणार होती! चूक तिची नाही एवढंच त्यांना कळलं होतं. ट्रक तिचा आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ती दार उघडून वर चढली, दार लावून घेतलं, आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या हिसक्यात लागलं, एकही ठेच न खाता. नवरा धावत दुसऱ्या बाजूने आला आणि पायरीवर पाय ठेवून दार उघडू लागला.

"तुम्ही पण चालत या," ती म्हणाली.

त्याने पाय खाली घेतला.

तिने क्लच सोडला. ट्रक कुणाचं तरी अख्खं घर पाठीवर घेऊन चढू लागला, दमदार, एका लयीत. थोरले दीर "अगं थांब, थांब!" करत काही पावलं शेजारून धावले आणि मागे पडले. तिने आरशात पाहिलं. उस्ताद रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा होता. थोरले दीर आणि नवरा एकमेकांवर ओरडत होते, आणि नवऱ्याला ओरडताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना मागे टाकून सासरे एकटेच ट्रकमागून चालत येत होते. हातात त्यांनी चाकाखालचा ठोकळा धरला होता, हमाल धरतो तसा, ट्रक मागे घसरलाच तर लावायला.

ट्रक घसरणार नव्हता, हे आवाजावरून त्यांना कळतच असणार. तरी ते धापा टाकत येत होते. तिला त्यांची दया आली, आणि राग तसूभरही कमी झाला नाही. दोन्ही एकदम मावतात एवढी ती सीट मोठी होती. तिने दुसरा गिअर टाकला आणि ट्रक न थांबवता वर नेला.